पावणे चार आणि चार पाव्हणे

नाव चंचल, आणि स्वभाव असा की एकदा बसली की बसली. लग्न होऊन सुरतेत आली तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे पुष्पाबाईंनी, आठवडाभर तिचं नीट निरीक्षण केलं आणि शेजारणीला निकाल सांगितला, "बारशाच्या दिवशी आत्याला भलतीच पोरगी दाखवली असणार." चंचलनं तो ऐकला आणि कोथिंबीर निवडत राहिली. तिची उत्तरं एका शब्दाची. भूक लागली का? "हो." पिक्चरला जायचं का? "जाऊ." नवऱ्याला, विकासला, सुरुवातीला वाटायचं आपलं काहीतरी चुकलंय. मग त्याला सवय झाली आणि सवयीची मजाही वाटायला लागली, कारण घरात बोलायला माय होतीच.

पण हीच चंचल फळ्यासमोर उभी राहिली की पाहण्यासारखी असे. तिथं तिचा आवाज वाढायचा, पदर खोचला जायचा, खडू हातातून निसटून तिसऱ्या बाकावर जाऊन पडायचा. शिरपूरकडून डी.एड. करून आलेली ही पोरगी गणित शिकवायची म्हणजे खोलीभर धावायची. बेरीज जिन्याच्या पायऱ्यांवर चालायची आणि वजाबाकी त्याच पायऱ्यांवरून उलटी. साडीला लावायच्या लेसचे उरलेले तुकडे पोरं घरून आणायची, त्यांतून कोण लांब, कोण आखूड, कोण कोणाच्या दुप्पट हे भांडून ठरायचं. वर्गातली निम्मी पोरं गल्लीत गुजराती बोलणारी, दुकानात हिंदी आणि घरात अहिराणी. तेव्हा मोजायचं कुठल्या भाषेत यावर रोज तंटा. तिनं तंटा मिटवला नाही, उलट स्पर्धाच लावली. एकानं मराठीत 'एकोणसाठ' म्हणायचं, दुसऱ्यानं गुजरातीत 'ओगणसाठ', तिसऱ्यानं हिंदीत 'उनसठ', आणि मग तिघांनी मिळून शोधायचं की तिन्ही भाषांमध्ये साठच्या एक पायरी आधीच लोकांना साठचं नाव घ्यायची एवढी घाई का. वर्गाबाहेर आली की पुन्हा "हो" आणि "जाऊ".

पर्वत पाटियाच्या चौकातून कडोदऱ्याच्या बाजूला थोडं आत वळलं की एक हार्डवेअरचं दुकान लागतं. त्याच्या माडीवर ही शाळा. शाळेचं नाव सांगून उपयोग नाही, कारण बाहेर दुकानाचीच पाटी मोठी आहे. नवा पालक आधी खाली नळाची तोटी बघतो, भाव विचारतो, मग वर येऊन पोराचं नाव घालतो. दुकान धुडकू आप्पांचं आणि शाळाही त्यांचीच. आप्पा तरुणपणी पारोळ्याकडून लूमवर कामाला आले, पुढे लूम सुटली, दुकान झालं, आणि आपल्या माणसांच्या पोरांना आपली बाराखडी यावी म्हणून त्यांनी माडी शाळेला दिली. माणूस भला, पण कान हलके. कोणी काही नवीन सांगितलं की आप्पांना ते लगेच हवं असायचं.

या वर्षी त्यांना एका विक्रेत्यानं टीव्हीवरचं गणित दाखवलं होतं. भिंतीवर पडदा, पडद्यावर एक हसरा ससा, आणि ससा सगळं शिकवतो. सशाला रजा लागत नाही, हे विक्रेत्यानं दोनदा सांगितलं होतं.

आप्पांनी चंचलला खाली दुकानात बोलावलं. "हे बघ बेटा, तुला घेतलं ती तिसरीच्या गणितापुरती. सोमवारी मधल्या सुट्टीनंतर मी तुझा तास बघतो. पोरांना येत असंल तर तिसरी तुझी. नसंल येत, तर दिवाळीनंतर ससा."

"हो," चंचल म्हणाली.

वर जिना चढताना मात्र ती मधल्याच पायरीवर बसून राहिली. आसपास दुसऱ्या मराठी शाळेत जागा नव्हती. आणि जागेचंही सोडा. दिवसातला हा एकच तास असा होता की त्यात तिचं नाव तिला शोभायचं. तो गेला तर उरलेला दिवस कोथिंबीर निवडण्यात जाणार होता.

सोमवारसाठी धडा होता घड्याळाचा. सव्वा, साडे, पावणे. शनिवारी तिनं तयारी म्हणून साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं एक मोठं घड्याळ केलं, टाचणीनं काटे लावले. 'सव्वा तीन' पोरांनी पटकन घेतलं. 'साडेतीन' तर घरोघरी बोललं जातंच. चंचल खूश झाली आणि तिनं फर्मान सोडलं, "आता वहीत काढा, पावणे चार!"

पोरांनी माना खाली घातल्या. वर्ग एवढा शांत झाला की तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ती फिरत फिरत कुंदनच्या वहीपाशी आली. कुंदन म्हणजे वर्गातला सर्वात गोड आणि गणितात सर्वात कच्चा गडी. त्यानं घड्याळ काढलंच नव्हतं. चार माणसं काढली होती. एकाच्या डोक्यावर टोपी, एकाला मिशा, एकाच्या हातात पिशवी, आणि चौथी एक बाई, डोक्यावर पदर घेतलेली.

"हे काय रे?"

"पाव्हणे चार, बेन." मराठी शाळेतल्या बाईलाही सुरतेत पोरं बेनच म्हणतात.

"अरे, आणि घड्याळ कुठंय?"

कुंदननं पेन्सिल उचलली. "काढतो ना. कोणत्या पाव्हण्याच्या हातात काढू?"

वर्ग फुटला. पण हसणाऱ्यांनीही वह्या हळूच झाकून घेतल्या, कारण खान्देशची जेवढी पोरं होती त्यांतल्या बहुतेकांनी पाव्हणेच काढले होते. लखनच्या पाव्हण्यांना तर चहाही मिळाला होता, बशीसकट. घरी कोणी आलं की 'पाव्हना उना' हेच ऐकत वाढलेल्या कानांना 'पावणे चार' दुसरं काय ऐकू येणार?

"आमच्यात असं नाही म्हणत," परभणीकडची शीतल नाक वर करून म्हणाली. "आमच्यात पाहुणे म्हणत्यात. म्हणून मी घड्याळ काढलं."

शीतलनं घड्याळ काढलं होतं खरं, पण त्यात पावणे पाच वाजले होते.

"बेन, तुम्ही चार म्हणलात. म्हणून मी आधी चार वाजवले आणि मग मोठा काटा पुढं नऊपर्यंत नेला. चार वाजलेच नाहीत तर चार म्हणायचंच कशाला? खोटं?"

चंचलनं समजावलं. चाराला पंधरा मिनिटं कमी, म्हणून पावणे चार. पोरं म्हणाली, "हां हां." आणि पोरं दोनदा 'हां' म्हणाली की काही समजलेलं नसतं, हे कळायला डी.एड. लागत नाही.

शनिवारची संध्याकाळ तिनं तोंड पाडून काढली. पुष्पाबाईंनी विचारलं, बरं नाही का? "हो," म्हणाली. बरं आहे की नाही, हे पुष्पाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

रविवारी सकाळी विकास रात्रपाळी करून आला. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर ऑपरेटर आहे तो; सकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या कानात मशीन चालूच असते आणि डोळे झोपलेले असतात. दारात टेकून, एक पाय घरात टाकून, तो बाहेरच्या पायातला बूट काढायला लागला.

आतून पुष्पाबाई ओरडल्या, "उना का रे विकास? च्या मांडू?"

"उना, माय!"

आणि चहाचं भांडं चुलीवर चढल्याचा आवाज आला.

चंचल झाडत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग त्याच्या घरातल्या पायाकडं. मग बाहेरच्या पायाकडं. 'उना' म्हणे! कुठं उना? अजून एकच पाय घरात आहे आणि याच्या नावाचा चहा चढलासुद्धा!

"अहो, थांबा!" ती एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या खोलीतल्या लोकांनी दार उघडलं. "हलू नका!"

"काय झालं? पाल?"

"पाय तिथंच ठेवा! बूट राहू द्या! हात बाहेर काढा आधी, दोन्ही!"

विकासनं घाबरून हात मागं घेतले. लग्न झाल्यापासून बायकोनं एवढी वाक्यं एका दमात बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. ती झाडू टाकून त्याच्याभोवती फिरायला लागली.

"दोन हात, दोन पाय. झाले की चार! माणसाचे चार पाव! एक पाय आत म्हणजे पाव माणूस आला. आता उजवा हात आत आणा."

"अगं पण..."

"आणा हो! अर्धा! अर्धा आला! आता डावा. पाऊण! अहो, तुम्ही पाऊण आलात!"

"मला झोप आलीय गं. मला पूर्ण येऊ दे."

पुष्पाबाई कपबशी घेऊन बाहेर आल्या. मुलगा दोन्ही हात घरात पसरून, एक पाय गॅलरीत ठेवून उभा, आणि ती गरीब गाय सून टाळ्या वाजवतेय. "काय करी ऱ्हायनात तुम्ही दोन्ही? लोके देखी ऱ्हायनात!"

"माय, ती म्हणी ऱ्हायनी, मी पाऊण शे," विकास रडवेल्या आवाजात म्हणाला.

"आई, एक सांगा," चंचलनं सासूचा हातच धरला. "हे अजून दारात होते, तरी तुम्ही चहा टाकला. का?"

"का म्हणजे? दारात दिसना म्हणजे उनाच ना तो. तो बूट काढस तवलोक चहा उकळस."

चंचलनं सासूच्या गालाचा मुका घेतला. पुष्पाबाई त्यानंतर बराच वेळ गालाला हात लावून बसल्या होत्या.

सोमवारी मधल्या सुट्टीच्या आधीचा तास मागून घेऊन तिनं पोरांवर हा खेळ पहिल्यांदा करून पाहायचा ठरवला. आप्पा सुट्टीनंतर येणार, तोवर सराव होईल, हा हिशेब. पुढचे बाक मागे सरकवले, सतरंजी अंथरली. वर्गाचं दार हेच घराचं दार. लखन, शीतल आणि दत्तू या तिघांना सतरंजीवर बसवलं.

"हे आपल्या घरी आलेले पाव्हणे. किती वाजले?"

"तीन!"

"आता चौथा येतोय. कुंदन, बाहेर जा. फक्त एक पाय आत टाक."

दारात कुंदनचा पाय आला. बोटं हलवून तो नमस्कार करत होता.

"तीन आणि वर पाव. सव्वा तीन! एक हात आण. साडेतीन! दुसरा हात आण. आता सांगा, कुंदनच्या आजीनं दारात बघितलं. तिघं बसलेत, चौथ्याचा एकच पाय बाहेर राहिलाय. आजी चहा किती कप टाकेल?"

"चार!"

"का? बसलेत तर तीनच."

"काय बेन तुम्ही!" लखनला बाईंच्या अज्ञानाची कीव आली. "चौथा दारात दिसतोय ना! त्याला काय बिनचहाचा पाठवायचा?"

चंचलनं फळ्यावर चार कप काढले. सतरंजीवर बसलेली शीतल हळूहळू गुडघ्यांवर आली, मग उभीच राहिली.

"बेन! म्हणून चार म्हणायचं! तो येतोय म्हणून! पाव तेवढा बाहेर राहिलाय, म्हणून पावणे चार! खोटं नाही ते!" आणि मग मोठ्या मनानं, "आमचे पाहुणे पण चालतील का याला?"

"तुमचे पाहुणे पण चालतील!"

मग काय विचारता. चौथा पाव्हणा व्हायला रांग लागली, कारण मजा सगळी चौथ्याचीच. एक जण उलटा आला, पाठ आत आणि तोंड बाहेर. त्यावर तो नक्की किती वाजता आला याचा वाद झाला. लखननं विचारलं, "बेन, साडेतीन म्हणतात, साडेचार म्हणतात, मग साडेएक, साडेदोन का नाही म्हणत?"

चंचलनं क्षणभरच विचार केला. "दीड आणि अडीच घरचे आहेत. घरच्यांना आपण पूर्ण नावानं हाक मारतो का?"

"नाही! माझ्या भावाला आम्ही गोट्या म्हणतो!"

प्रश्न मिटला. भाषेच्या जाणकारांनी कानांवर हात ठेवावेत, पण त्या वर्गात त्या दिवसानंतर 'साडेदोन' कोणी म्हटलं नाही.

गोंगाट खाली दुकानापर्यंत पोचला होता. गिऱ्हाईक वर बघायला लागलं होतं. इकडं तिघं पुन्हा सतरंजीवर बसले होते, कुंदनला पुन्हा एकदा बाहेर पाठवलं होतं, आणि सगळा वर्ग श्वास रोखून दाराकडं बघत होता. दारात एक पाय आला. मोठा, काळी चप्पल घातलेला. कुंदनचा नव्हता.

"काय चालू शे हे? शाळा शे का लगनघर?" धुडकू आप्पांचा आवाज आला.

त्यांना उत्तर वर्गानं एकमुखानं दिलं.

"सव्वा तीन!!!"

आप्पा होते तिथंच थबकले. मागं आप्पांच्या कमरेपाशी कुंदनचा चेहरा दिसत होता, आपली जागा गेली म्हणून फुगलेला.

चंचलनं वर्गाकडं पाहिलं. बाक अस्ताव्यस्त, पोरं उभी, खडू पायाखाली चुरलेला. माफी मागावी, सगळ्यांना जागेवर बसवावं, पाढे म्हणायला लावावेत. 'हो' म्हणून मोकळं व्हायची तिची आयुष्यभराची सवय होती. पण पोरं आप्पांच्या त्या एका पायाकडं ज्या नजरेनं बघत होती, ती नजर तिला मोडवेना.

"आप्पा," ती म्हणाली, "उजवा हात आत आणता का?"

"काय?"

"आणा ना आप्पा!" लखन ओरडला. "नाहीतर सव्वा तीनच राहील!"

दुकानावर एवढी माणसं ज्यांच्या शब्दावर चालतात, त्या आप्पांनी हात आत आणला. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"साडेतीन!"

दुसरा हात त्यांनी न सांगता आणला.

"पावणे चार!"

आप्पा तसेच उभे राहिले, दोन्ही हात पुढं, कोणाला आलिंगन द्यायला निघाल्यासारखे. पण डोळे बारीक झाले. ते शाळा तपासायला आले होते आणि हे ते विसरले नव्हते. "आरडाओरडा सगळ्यांनाच येतो. मला एकाचं दाखव." त्यांनी मान वळवून मागं बघितलं. "हा काय नाव... कुंदन. ह्याला यायचं नाही ना काही? लाव रे घड्याळात पावणे सात."

वर्गात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आप्पांनी नेमका हाच निवडावा! कुंदन आप्पांच्या काखेखालून आत आला, पुठ्ठ्याच्या घड्याळापुढं उभा राहिला. मोठा काटा नऊवर नेला, तो बरोबर होता. मग छोटा काटा धरला आणि सरळ सातवर नेऊन टेकवला.

शीतलनं डोळे मिटून घेतले. चंचलनं ओठ दाबून धरले. सांगायचं नाही, काही झालं तरी सांगायचं नाही.

कुंदन पुटपुटत होता, "सहा बसले... सातवा आला..." त्यानं वळून दाराकडं पाहिलं. आप्पा उभे होते. त्यानं आप्पांना वरून खालपर्यंत पाहिलं, पार चपलेपर्यंत. मग पुन्हा घड्याळाकडं वळला आणि छोटा काटा सातवरून अगदी थोडासा मागं घेतला.

"का रे? सातवर होता तो चांगला. मागं का आणला?" आप्पांनी दरडावलं.

"तुमचा पाय बाहेर आहे ना, आप्पा."

आप्पांनी खाली आपल्या पायाकडं पाहिलं. खरंच, डावा पाय अजून गॅलरीत होता. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं, पुन्हा घड्याळाकडं. आणि मग आधी पोट हललं, नंतर खांदे, आणि शेवटी आप्पा असे हसले की खालच्या गिऱ्हाइकानं सुटे पैसे मागायचं सोडून जिन्याकडं धाव घेतली.

"आयला," डोळे पुसत आप्पा म्हणाले, "त्या टीव्हीत पाय कुठून घालू मी?"

त्यांनी चप्पल काढली, तो राहिलेला पाय आत आणला, आणि सतरंजीवर दत्तूच्या शेजारी मांडी घालून बसले.

"चार!!!" वर्ग किंचाळला.

"तिसरी तुझी, बेटा," त्या आवाजातच आप्पा ओरडून म्हणाले. "सशाला सांगतो नको म्हणून. आणि चौथीच्या पोरांनाबी येत नाही काही, त्यांचंबी गणित घेशील का?"

"घेईन! पण मला अपूर्णांक आधी शिकवू द्या, त्यासाठी खालच्या दुकानातले पाइपचे तुकडे लागतील, वेगवेगळ्या लांबीचे, आणि जिन्याला आकडे रंगवून हवेत, आणि बाक असेच मागं राहू द्यायचे, आणि..." चंचलला थांबवणं कठीण होतं. आप्पांना ती पोरगी एवढं बोलते हे पहिल्यांदाच कळत होतं.

तेवढ्यात लखननं आप्पांच्या गुडघ्याला हात लावला. "आप्पा, सरका ना जरा. पाचवा येतोय."

आप्पा भिंतीपर्यंत सरकले. दारात तिघं-चौघं एकमेकांना ढकलत होती, आणि त्यांतून कुणाचा तरी अनवाणी पाय आत आला.

"सव्वा चार!" सगळ्यात आधी ओरडले ते आप्पा. आणि मागोमाग, "ए, ढकलू नको रे! दुसरा हात मागं घे! घाई कशाला करतोस, आधी साडेचार तर वाजू दे!"